चढाची तयारी सपाटीवर

मनालीपासून लेहपर्यंत सायकलने जायचं, सामान गाडीत, वाटाड्या पुढे, मेकॅनिक मागे आणि मुक्कामाला तंबू व गरम जेवण तयार, अशा आयोजित सहलींच्या जाहिराती आता जालन्यातल्या मोबाइलवरही येऊन पडतात. हिमाचलातली जलोडी खिंड, लडाखमधलं खारदुंग ला, जवळचंच हवं असेल तर वाईचा पसरणी घाट किंवा ताम्हिणी. पर्याय पुष्कळ आहेत. पैसे भरण्यापूर्वी जालनेकराच्या मनात येणारी शंका मात्र एकच असते, की सराव करायला आपल्याकडे डोंगर आहे कुठे? शहर समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर, जिल्ह्याच्या मधून दुधना वाहते, दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी, आणि उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे दिसतात तेवढेच. राजूरच्या गणपतीची किंवा अंबडच्या मत्स्योदरीची टेकडी म्हणजे घाट असं म्हटलं तर घाटालाच राग यावा. मग सरळ हिशेब मांडला जातो: डोंगरातलं सायकलिंग पुण्या-नाशिकच्या लोकांनी करावं, मराठवाड्याच्या माणसाने त्यांचे फोटो बघावेत. हा हिशेब चुकलेला आहे. अशा सहलीत माणूस ज्या गोष्टींमुळे अडतो, त्यांतल्या बहुतेक सपाट रस्त्यावर कमावता येतात. ज्या येत नाहीत त्या दोनच आहेत, आणि त्यांतली एक पुण्यातही मिळत नाही.

आधी आयोजित सहल नेमकं काय करते ते पाहायला हवं, कारण गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये तो पुरा करून परतले. वाट शोधणं, पाणी मिळवणं, सायकल दुरुस्त करणं आणि ओझं वाहणं, सगळं त्यांच्याच अंगावर होतं. आजची आयोजित सहल यातली जवळजवळ प्रत्येक जबाबदारी पैशांच्या मोबदल्यात उचलते. आषाढी वारीच्या दिंडीत सामान ट्रकमधून पुढे जातं, मुक्कामावर पंगत तयार असते, कधी निघायचं आणि कुठे विसावायचं ते ठरलेलं असतं, आणि तरी पंढरपूरपर्यंतचं चालणं ज्याचं त्यालाच चालावं लागतं. सायकल सहलीचंही तसंच आहे. ओझं, रस्ता, जेवण आणि पंक्चर आयोजकाकडे. सीटवरचे तास, स्वतःच्या दमाचा अंदाज, ब्रेकवरची बोटं आणि रक्तातला प्राणवायू आपल्याकडे. त्यामुळे तयारी करायची ती या चार गोष्टींची. बाकीच्या खरेदीवर लोक जितका वेळ घालवतात त्याचा निम्मा जरी इकडे वळवला तरी पुरे.

डोंगराच्या नावाने जी धास्ती वाटते ती चढाच्या तीव्रतेची असते, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करू. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे, जुन्या रस्त्याने मधलं अंतर ५१ किलोमीटर. म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सरासरी चार मीटरही वर चढणं होत नाही. लेहहून खारदुंग लाकडे जाणारा रस्ताही सरासरी पाच टक्क्यांच्या आतच आहे. हे रस्ते लष्कराच्या ट्रकसाठी आखलेले आहेत, त्यामुळे ते चढण वळणांवर पसरून घेतात. मनाली-लेह रस्त्यावरच्या प्रसिद्ध गाटा लूप्सची २१ वळणं म्हणजे हाच प्रकार. आता ७० किलोचा माणूस आणि १५ किलोची सायकल धरली, तर चार टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटरने जाण्यासाठी पायांना सुमारे ११० वॅट ताकद लावावी लागते. जालन्याहून बदनापूरच्या दिशेने जून-जुलैत निघालात तर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. ताशी २० किलोमीटरच्या अशा वाऱ्याविरुद्ध ताशी १५ किलोमीटरचा वेग राखायला साधारण १३० वॅट लागतात. थोडक्यात, पावसाळ्यातल्या सकाळी संभाजीनगर रस्त्यावर दोन तास वाऱ्याशी झगडणारा माणूस रोहतांगच्या चढाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच काम करत असतो. त्याला ते कळत नाही, कारण आजूबाजूला डोंगर दिसत नाही आणि घरी गेल्यावर सांगायला खिंडीचं नावही नसतं.

यावर जाणकार सायकलपटू हरकत घेतील आणि ती रास्त आहे. वारा म्हणजे चढ नव्हे. सपाटीवर सायकलला स्वतःची गती असते, पॅडल थोडं सैल सोडलं तरी ती पुढे जात राहते. चढावर पाय थांबला की सायकल थांबते. कंबर, पाठ आणि मनगटावर येणारा ताणही वेगळा असतो. हा फरक पूर्ण मिटवता येत नाही, पण बराच कमी करता येतो. वाऱ्याविरुद्ध जाताना नेहमीपेक्षा एक-दोन गिअर जड ठेवायचा, सीटवरून न उठता मिनिटाला ६० फेऱ्यांच्या आसपास पॅडल मारायचं, आणि दहा-पंधरा मिनिटं एकदाही पाय सैल सोडायचा नाही. आधी असे दोन टप्पे, मग तीन, मग वीस मिनिटांचे दोन. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी गिअर हलका ठेवून फेऱ्या वाढवाव्यात. दुसरी गोष्ट सायकलच्या गिअरची, जिच्याकडे हौशी मंडळी सर्रास दुर्लक्ष करतात. पुढची सर्वांत लहान चक्री ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही ३४ दात्यांची असेल, तर पॅडलच्या एका फेरीला चाकाचीही एकच फेरी होते. मिनिटाला ६० फेऱ्यांनी सायकल ताशी साडेसात किलोमीटरने जाते, आणि आठ टक्क्यांच्या चढावर तेवढ्यालाच सुमारे १५० वॅट लागतात. नवशिक्याला ही ताकद तासभर टिकवणं अवघड. पुढे २२ दात्यांची चक्री असलेली माउंटन बाइक तोच चढ ताशी पाचच्या आतल्या वेगाने, शंभरच्या आसपास वॅटमध्ये चढवते. जलोडी खिंडीच्या माथ्याजवळचे शेवटचे किलोमीटर रोहतांगपेक्षा कितीतरी उभे आहेत. तिथे पायांच्या ताकदीपेक्षा या दात्यांचा हिशेब जास्त कामाला येतो. सहल निवडताना वजनाने हलकी सायकल आहे का असं विचारणारे शंभर भेटतात, सर्वांत हलका गिअर कोणता असं विचारणारा विरळा.

महाराष्ट्रात गेल्या दशकभरात सायकलिंगचं जे वातावरण तयार झालं, त्याने एक घोटाळाही केला आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली; २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. पुणे ते गोवा 'डेक्कन क्लिफहँगर' स्पर्धा, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायची ब्रेव्हे, हे सगळं कौतुकाचंच आहे. पण त्यामुळे तयारी म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त किलोमीटर, असं समीकरण रूढ झालं. सुट्टीवर जाणाऱ्याला एका दिवसात २०० किलोमीटर कधीच जायचं नसतं. त्याला ४० ते ७० किलोमीटर जायचे असतात, पण सलग आठ-दहा दिवस, आणि त्या अंतराला सहा-सात तास लागतात. या दोन मागण्या वेगळ्या आहेत. रविवारी शंभर किलोमीटर मारून उरलेला आठवडा सायकलला हात न लावणारा माणूस पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असतो आणि तिसऱ्या दिवशी सीटवर बसू शकत नाही. बसण्याच्या हाडांवरची कातडी आणि खालचे स्नायू दाबाला हळूहळूच सरावतात, त्याला पैशाने विकत घेता येणारा तोडगा नाही. गादीची चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालावी, घर्षणाच्या जागी व्हॅसलिन लावावं, हे सगळं खरं, पण हे सारं त्या सरावाच्या जोडीला. म्हणून आठवड्यात दोन-तीनदा तासाभराची फेरी आणि शनिवार-रविवार सलग दोन दिवस तीन-चार तास, हे गणित एकट्या शंभर किलोमीटरपेक्षा फार मोलाचं आहे. चौदा-सोळा आठवड्यांत ते दोन दिवसांचे प्रत्येकी पाच तास झाले, की आयोजित सहलीला लागणारी बैठक तयार झाली असं खुशाल समजावं. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. ऐनवेळी जोर लावून उरलेली तयारी भरून निघत नाही, उलट थकवा सोबत घेऊन निघावं लागतं.

जालन्यात हे तास घालायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, जालन्याला त्याचा फाटाही आहे, पण तिथे दुचाकीलाच मनाई आहे, सायकलचं नावही काढायला नको. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला सळयांनी भरलेले ट्रक असतात आणि मागे बाहेर आलेल्या सळयांची टोकं पहाटेच्या अंधारात दिसत नाहीत. तो भाग उजाडल्यावरच ओलांडावा. हिवाळ्यात अंबड-घनसावंगीकडे उसाच्या जोड ट्रॉल्या सुरू होतात, त्यांना मागचा दिवा असला तर नशीब. त्यामानाने घाणेवाडी तलावाकडची फेरी छोटी आणि निवांत. राजूर-भोकरदन रस्त्यावर चढउतार बरे मिळतात. जांब समर्थपर्यंत जाऊन येणं हा पूर्ण दिवसाचा बेत होतो. देऊळगाव राजामार्गे सिंदखेडराजा गाठून परतलं तर जाताना-येताना वाऱ्याच्या दोन्ही बाजू अनुभवायला मिळतात. हे रस्ते रमणीय आहेत असा दावा कुणी करणार नाही. पण मोकळं माळरान, सावलीचा अभाव आणि लांबच लांब दिसणारा रस्ता यांची सवय लडाखच्या मोरे पठारावर कामी येते. तिथेही तासन्‌तास देखावा बदलत नाही आणि अनेकांचा धीर नेमका तिथेच सुटतो.

उन्हाची हरकत जास्त गंभीर आहे. एप्रिल-मेमध्ये इथलं तापमान चाळिशी ओलांडतं, अशा वेळी सराव करा असं सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. शरीर दहा ते चौदा दिवसांत उष्णतेशी जुळवून घेतं, रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, हे शास्त्र मान्य. म्हणून दुपारी बाराला बाहेर पडावं असा त्याचा अर्थ होत नाही. पहाटे पाच ते आठ एवढाच वेळ, पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस, आणि गरगरलं की लगेच सावली, या मर्यादेत उन्हाळा निभावता येतो. बायकांसाठी पहाटे पाचचा रस्ता हा उन्हापेक्षा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 'बिनधास्त जा' असं देणं हा पुरुषी सोपेपणा झाला. चार-पाच जणींचा गट किंवा घरात स्टँडवर बसवलेली सायकल हे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. घरातल्या सायकलवर पाऊण तास न थांबता पॅडल मारणं अत्यंत कंटाळवाणं असतं, पण चढाची नक्कल करायला ते वाऱ्याइतकंच उपयोगी. आणखी एक गोष्ट बायकांनी सायकल घेण्याआधी करावी, ती म्हणजे हिमोग्लोबिनची तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सपाटीवर जो थकवा घरकामाच्या खात्यात जमा होतो, तोच उंचीवर धोक्याचा ठरतो, कारण तिथे हवेतला प्राणवायू कमी आणि तो वाहून नेणारं रक्तही कमी. चाळिशीपुढच्या पुरुषांनीही रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी खरोखर करून घ्यावी. आयोजक मागतात ते तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरकडून पाच मिनिटांत मिळतं, ही सोय कुणाच्याच हिताची नाही.

आता सपाटीवर न मिळणाऱ्या दोन गोष्टींपैकी पहिली: उतार. चढ माणसाला दमवतो, पण हाडं मोडतात ती उतारावर. ८५ किलोचं वजन हजार मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते तीच तेवढं वर चढवायला लागलेली असते, आणि हवेने खाऊन उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याची रिम किंवा डिस्क तापते, बोटं बधिर होतात आणि ऐन वळणावर पकड ढिली पडते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडायचा, वळणात ब्रेक सोडायचा, नजर चाकापुढे नव्हे तर वळणाच्या शेवटी ठेवायची, पार्श्वभाग थोडा मागे, बाहेरचा पाय खाली. वाचायला सोपं, पण ते अंगवळणी पडायला खरा घाट लागतो. इथे जालनेकराला थोडा प्रवास करावा लागेल, फार नव्हे. सुमारे साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, तिथून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद आणि पुढे म्हैसमाळ, जे १,०६७ मीटरवर आहे. शहरापासून माथ्यापर्यंत जवळपास पाचशे मीटरची चढाई होते. दिवसात दोनदा केली तर हजार मीटर चढ आणि तेवढाच उतार. हिमालयातल्या मध्यम दिवसाच्या तोडीचं काम. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे धुक्यापेक्षा मोटारी जास्त असतात, म्हणून मधला वार निवडावा. अजिंठ्याचा घाटही आहे, पण तो मोठ्या रहदारीच्या रस्त्यावर, शिकायला योग्य नाही. सहलीपूर्वी अशा चार-पाच फेऱ्या झाल्याच पाहिजेत, आणि त्यांतली एक ओल्या रस्त्यावर. खिंडीतून उतरताना वाऱ्याने अंग किती गार पडतं हे म्हैसमाळ शिकवू शकत नाही. पाच हजार मीटरच्या जवळून खाली येताना जुलैतही बोटं गोठतात, त्यामुळे वारा अडवणारं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे गाडीतल्या सामानात न ठेवता अंगावरच्या पिशवीत असावेत.

दुसरी गोष्ट उंची, जी पुणेकरालाही विकत मिळत नाही. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो आणि तागलंग लावर, ५,३२८ मीटरवर, निम्म्याच्या थोडाच वर. तिथे धडधाकट माणसाचीही दम टिकवायची क्षमता पाव ते एक-तृतीयांश घटते. म्हणजे घरी १५० वॅट टिकवणाऱ्याने तिथे शंभरच्या आसपास धरून चालावं. महत्त्वाचं असं की तंदुरुस्ती हे उंचीच्या आजाराविरुद्धचं कवच नाही. उलट दणकट तरुणच जास्त अडचणीत येतात, कारण ते वेगाने वर जातात आणि डोकं दुखलं तरी बोलत नाहीत. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. या नियमावर मनाली-लेहचा नेहमीचा कार्यक्रम ठेवून पाहा. जिस्पाचा मुक्काम सुमारे ३,२०० मीटरवर, पुढचा झिंगझिंगबार सुमारे ४,२७० मीटरवर. एका रात्रीत हजार मीटरची उडी. मध्ये सोयीची मुक्कामाची जागा फारशी नाही हे आयोजकाचं म्हणणं खरंही असेल, पण मग जिस्पात किंवा केलाँगला एक जादा दिवस थांबून वर फिरून परत खाली झोपायला येण्याची सोय त्याने करायला हवी. ती ज्या कार्यक्रमात आहे तो एक दिवसाने लांब आणि थोडा महाग असतो, तोच घ्यावा. डायमॉक्सची गोळी घेतली की झालं, असं म्हणणारे असतात. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि डोकेदुखी वाढत असताना, खोकल्याबरोबर धाप लागत असताना किंवा चालताना तोल जात असताना खाली उतरण्याला कोणतीही गोळी पर्याय नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण त्यात गूढ काही नाही. रोहतांगची १,९०० मीटरची चढाई म्हणजे फक्त वर चढण्यापोटीच १,७०० किलोकॅलरींच्या आसपास खर्च. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जेमतेम तेवढीच असते, म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. उंचीवर भूक मरते, त्यामुळे ही सवय आधीच लागलेली हवी. महागड्या जेलच्या पाकिटांऐवजी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, दशमी यांवर सराव केला तर पोटही बिघडत नाही. जालन्याची मोसंबी मुक्कामावर खायला छान, पण पॅडल मारताना ती सोलणार कोण?

सर्वांत जास्त ऐकू येणारी हरकत शेवटी राहिली: मागे गाडी असतेच, दमलो तर बसू. गाडी असते हे खरं, पण ती सगळ्यांत मागच्या माणसाबरोबर चालते. दहा-बारा जणांचा गट अरुंद रस्त्यावर पाच-सात किलोमीटर पसरतो, मध्ये ओढ्याला पाणी वाढलेलं असतं, आणि मधल्या माणसापर्यंत गाडी पोचायला दोन तासही लागू शकतात. बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं, म्हणून अशा नाल्यांच्या वाटेवर सकाळी लवकर पुढे सरकलेलं बरं असतं. उशीर करणारा सायकलस्वार स्वतःबरोबर सगळ्यांना दुपारच्या पाण्यात उतरवतो. शिवाय रोज निम्मं अंतर गाडीत बसून काटणाऱ्याने सायकल सहलीचे पैसे देऊन जीपची सहल केली, एवढंच होतं. उलट बाजूने असंही म्हणतात की चार महिने घाम गाळायचा तर ती सुट्टी कसली? या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच तयारीचं प्रमाण बेताचं सांगितलं. सुरुवातीला आठवड्याला आठ-दहा तास आणि शेवटी बारा-तेरा, तेही कामधंदा सांभाळून, एवढ्यात भागतं. स्पर्धेची तयारी करणाऱ्याचा दिनक्रम सुट्टीवर निघालेल्याने उसना घेण्याचं कारण नाही.

सायकल भाड्याने मिळत असेल तर स्वतःची नेण्याचा अट्टहास करू नये, पण आपल्या सायकलची सीट आणि पॅडल काढून सोबत नेता येतात. सीटची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी. भाड्याच्या सायकलवर पहिल्यांदा बसल्याबरोबर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते पाहावं. आपल्याकडे तो सहसा उजव्या हाताला असतो, काही आयात सायकलींवर डावीकडे, आणि हा शोध उतारावर लागू नये. आयोजकाला विचारायचे प्रश्नही फार नाहीत: मुक्कामांच्या उंचीचा तक्ता, किती जणांमागे एक मार्गदर्शक, सोबत प्राणवायूचं सिलिंडर आणि ते वापरता येणारा माणूस, आणि विमा किती मीटरपर्यंत लागू आहे. या शेवटच्या प्रश्नावर जो घुटमळतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत. पहिल्यांदाच जाणाऱ्याने युथ होस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्थेची जलोडी खिंडीची कमी उंचीची मोहीम आधी करून मग लेहचा विचार करावा. ३,१२० मीटरवरचा माथा उंचीचा अंदाज देतो, जीव टांगणीला लावत नाही. थेट विमानाने लेहला उतरून सायकल हाती घेणाऱ्याने किमान दोन दिवस काहीही करू नये.

राहिला हंगामाचा प्रश्न, आणि यात जालना जिल्ह्याचं उत्तर मुंबई-पुण्याहून वेगळं निघतं. शहरी आयोजक शाळांच्या सुट्ट्या धरून मे-जूनचे गट भरतात. इथल्या माणसाला तेव्हा निघायचं तर सगळा सराव मार्च ते मेच्या उन्हात पडतो, आणि जूनमध्ये पेरण्या तोंडावर असतात. शेती, बियाणं किंवा खतांच्या दुकानाशी ज्याचा संबंध आहे त्याला तो महिना सुटणं शक्य नाही. सप्टेंबर मात्र जुळतो. सराव जून ते ऑगस्टमध्ये, वाऱ्याच्या आणि बेताच्या पावसाच्या दिवसांत होतो, म्हैसमाळचा ओला घाटही त्यातच मिळतो, आणि उत्तरेत पावसाळा सरून नाल्यांचं पाणी उतरू लागलेलं असतं. थंडी वाढलेली असते, तेवढा एक जाड कपडा जास्त. पोळा आणि गणपती घरी करून पितृपंधरवड्यात निघावं. त्या दिवसांत लग्नकार्य नाही, मुहूर्ताच्या खरेदीची गर्दी नाही, आणि नवरात्रापर्यंत परत येता येतं. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस जालन्याला थांबते आणि दिल्लीवरून अंबाल्याला जाते, तिथून पुढे मनालीची बस. आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं, म्हणजे गाडीचं तिकीट काढताना सरावाचे सहा-सात आठवडे झालेले असतात. त्या वेळी सलग दोन दिवस चार-चार तास सीटवर बसणं जमत नसेल, तर तिकीट पुढच्या वर्षाचं काढावं.